रोजगार हमीच्या एका शोधावर तपासलेला गूगल स्कॉलर

एम.ए.चा लघुप्रबंध असो, पीएच.डी.चे पहिले प्रकरण असो की परिषदेसाठीचा निबंध असो, संदर्भ शोधायला आज बहुतेक जण आधी गूगल स्कॉलर उघडतात. तो फुकट आहे, लॉगिन मागत नाही आणि मोबाइलवरही चालतो. अनुराग आचार्य आणि अ‍ॅलेक्स व्हर्स्टॅक या दोन अभियंत्यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये तो सुरू केला. आता मार्गदर्शकही विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत "स्कॉलरवर बघून ये" असे सांगतात. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे. स्कॉलर शोधून देतो, पारखून देत नाही. त्याच्या यादीत नाव आले म्हणून निबंध विश्वासार्ह ठरत नाही, आणि पडद्यावर ही सूचना कुठेही दिसत नाही.

तो कुठे कामाला येतो आणि कुठे तोंडघशी पाडतो हे नीट कळावे म्हणून एक खरा विषय घेऊ: महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. या विषयावर पन्नास वर्षांचे लेखन आहे. नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांचे निबंध आहेत, मराठीतले प्रबंध आहेत, कायदा आहे आणि शासन निर्णयही आहेत. शिवाय "योजना सुरू कधी झाली?" एवढ्या साध्या प्रश्नाला वेगवेगळ्या निबंधांत वेगवेगळी साले सापडतात. परीक्षा घ्यायला याहून चांगला विषय मिळणे कठीण आहे.

शोधपेटीत काय लिहायचे

'एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम' हे तीन शब्द रोमन लिपीत, पण अवतरणचिन्हांशिवाय टाकले तर ते सुटे सुटे शोधले जातात आणि युरोपातल्या तरुणांच्या रोजगार योजनांपासून काहीही वर येते. तिन्ही शब्द दुहेरी अवतरणात घाला, पुढे महाराष्ट्र लिहा, की यादी एकदम ताळ्यावर येते. स्कॉलर फक्त शीर्षक आणि सारांश पाहत नाही, मिळेल तिथे पूर्ण मजकूर पाहतो. त्यामुळे एखाद्या तळटीपेत योजनेचा उल्लेख असलेला निबंधही यादीत घुसतो. ज्यांचा मुख्य विषयच हा आहे असे निबंध हवे असतील तर अवतरणाच्या आधी इंग्रजीत 'इनटायटल' हा शब्द आणि त्याला चिकटून कोलन द्या. लेखकासाठी 'ऑथर' आणि जर्नलच्या नावासाठी 'सोर्स' हे शब्द याच पद्धतीने चालतात. कोलननंतर जागा सोडायची नाही.

२००५ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्यानंतरच्या लेखनाचा इतका पूर आला की महाराष्ट्राची मूळ योजना त्यात बुडून जाते. यावर बरेच जण राष्ट्रीय योजनेच्या लघुनामाआधी (नरेगा) वजाचे चिन्ह लावतात. हे टाळा. शोध पूर्ण मजकुरात होत असल्यामुळे ज्या निबंधात राष्ट्रीय योजनेचा नुसता उल्लेख आहे तोही गळतो, आणि दोन्ही योजनांची तुलना करणारे सगळ्यात उपयोगी लेखन नेमके हातचे जाते. त्यापेक्षा डावीकडच्या 'कस्टम रेंज'मध्ये वरची मर्यादा २००४ ठेवून एक फेरी करा आणि नंतरच्या वर्षांची फेरी वेगळी करा. हे साल स्कॉलरने यंत्राने ओळखलेले असते, हेही ध्यानात असू द्या. एखाद्या संग्रहात १९८२ चा अहवाल २०१५ मध्ये चढवला असेल तर तो कधीकधी २०१५ चा म्हणून दिसतो. साल टिपून घेताना ते मूळ पीडीएफच्या पहिल्या पानावरूनच घ्यायचे.

दोन अडचणी बहुतेकांना ठाऊक नसतात. वर कितीही हजार निकालांचा आकडा दिसला तरी स्कॉलर एका शोधाचे पहिले १००० निकालच उघडून दाखवतो. म्हणून मोठा विषय वर्षांचे तुकडे पाडून शोधावा लागतो. दुसरी अडचण 'सॉर्ट बाय डेट'ची. नावावरून वाटते की यादी तारखेप्रमाणे लागेल, पण ते बटण फक्त गेल्या वर्षभरात भर पडलेले साहित्य दाखवते. ते दाबून "या विषयावर फार काही लिहिलेले नाही" असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थी कमी नाहीत.

नावांच्या स्पेलिंगचा घोळ मराठी विषयांत सर्वाधिक होतो. महात्मा फुल्यांवर शोध घेताना जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा आणि ज्योतिबा ही चारही रूपे रोमन लिपीत टाकून मध्ये मोठ्या (कॅपिटल) अक्षरांतला 'ओआर' जोडावा लागतो, नाहीतर बरेच साहित्य दिसतच नाही. रोजगार हमीत याहून विचित्र अडचण येते. या योजनेचे जनक वि. स. पागे. त्यांचे आडनाव रोमन लिपीत लिहिले की ते 'पेज' म्हणजे पान या इंग्रजी शब्दासारखेच होते, आणि स्कॉलर जगातली सगळी पाने समोर आणून ठेवतो. इथे दोन्ही आद्याक्षरांसह पूर्ण नाव अवतरणात द्यावे आणि सोबत विसापूर किंवा तासगाव जोडावे, कारण पाग्यांनी १९६५ मध्ये पहिला प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला केला होता. विषयाची अशी थोडी माहिती आधी असेल तरच यंत्र नीट राबवता येते.

'साइटेड बाय': खरी ताकद इथे आहे

प्रत्येक निकालाखाली बारीक अक्षरांत 'साइटेड बाय' (याचा हवाला कुणी दिला) आणि 'रिलेटेड आर्टिकल्स' या ओळी असतात, आणि एकाहून जास्त प्रती असतील तर 'ऑल व्हर्जन्स'ही असते. स्कॉलरचे सगळ्यात मोठे देणे या ओळींत आहे.

उदाहरण घेऊ. १९८८ मध्ये रोजगार हमीच्या कामावरची मजुरी किमान वेतनाबरोबर वाढून जवळपास दुप्पट झाली. त्याचा परिणाम काय झाला, यावर मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांचा निबंध 'इकॉनॉमिक डेव्हलपमेंट अँड कल्चरल चेंज' या शिकागोच्या जर्नलमध्ये १९९३ मध्ये आला. मजुरी वाढली पण काम मागणाऱ्या प्रत्येकाला ते मिळेनासे झाले, म्हणजे हमीच पातळ झाली, असे त्यांचे म्हणणे आहे. हा निबंध वाचून थांबलात तर तुमच्या हातात फक्त एक बाजू राहते. त्याखालचा 'साइटेड बाय' दाबा. वर 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स' असा चौकोन दिसेल, त्यात खूण करा आणि शोधपेटीत 'रेशनिंग' हा शब्द रोमनमध्ये टाका. आता त्या निबंधाचा हवाला देऊन, कामाच्या टंचाईवर नेमके काय म्हटले गेले, तेवढेच समोर येईल. त्यात दुजोरा देणारे असतील, आकडेवारीवर शंका घेणारे असतील आणि दुसरे कारण मांडणारेही असतील. या वाटेने तासाभरात एका वादाचा नकाशा हाती येतो. ग्रंथालयात छापील सूच्या चाळून याला आठवडे लागत.

'ऑल व्हर्जन्स' वापरताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. त्याच तिघांची, त्याच योजनेवरची जागतिक बँकेची कार्यपत्रिका (जर्नलमध्ये छापण्याआधीचा मसुदा) १९९१ मध्ये निघाली होती. मदतकार्यावरची मजुरी वाढवल्याने अनेक गरिबांची स्थिती उलट बिघडू शकते, असे तिचे शीर्षकच ठामपणे सांगते. जर्नलमधल्या निबंधाचे शीर्षक मात्र प्रश्नार्थक आहे: महाराष्ट्राची रोजगार हमी खरोखर हमी देते का? दोन वर्षांत विधानाचा प्रश्न झाला. स्रोत पारखणाऱ्याने इथे थांबायला हवे. शीर्षके इतकी वेगळी असली की 'ऑल व्हर्जन्स' दोन्ही एकत्र दाखवेल याचा भरवसा धरता येत नाही. फुकट मिळालेली प्रत अनेकदा कार्यपत्रिकेची असते आणि संदर्भसूचीत मात्र जर्नलचे नाव जाते. मग पृष्ठक्रमांक जुळत नाहीत, आणि तपासणाऱ्या परीक्षकाला नेमके हेच आधी दिसते. जी प्रत वाचली तिचाच संदर्भ द्यायचा. जर्नलमधला द्यायचा असेल तर जर्नलची प्रत मिळवून तेच वाक्य तिथे आहे का ते पाहायचे.

'साइटेड बाय'पुढचा आकडा म्हणजे गुण नव्हेत. त्यात प्रबंध, अप्रकाशित टिपणे, लेखकाने स्वतःच स्वतःला दिलेले हवाले आणि क्वचित दुबार नोंदीही मोजल्या जातात, म्हणून तो आकडा स्कोपस या निवडक जर्नलांच्या सूचीतल्या आकड्यापेक्षा सहसा मोठा असतो. आणि एखाद्याला खोडून काढण्यासाठी दिलेला हवालाही हवालाच धरला जातो. गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्रित (एमएमआर) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांच्या आधारे छापला गेला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये जर्नलने तो पूर्ण मागे घेतला. त्याचा हवाला देणाऱ्यांची संख्या मात्र प्रचंड आहे. मागे घेतलेल्या निबंधावर स्कॉलर तशी ठळक खूण करीलच असे नाही. प्रकाशकाच्या पानावर जाऊन बघणे किंवा 'रिट्रॅक्शन वॉच'च्या सूचीत नाव टाकून बघणे हे काम आपले आहे. ही सूची क्रॉसरेफ या संस्थेने २०२३ मध्ये घेतली आणि सगळ्यांना खुली केली. झोटेरो हे संदर्भ साठवण्याचे फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना संग्रहातला निबंध मागे घेतला गेला असेल तर आपोआप लाल पट्टी दिसते. एवढ्या एका सोयीसाठीही झोटेरो बसवून घ्यावे.

भुतांचे हवाले

काही निकालांच्या आधी चौकटी कंसात 'सायटेशन' असे लिहिलेले असते. याचा अर्थ स्कॉलरने तो निबंध कधी पाहिलेलाच नाही. कुणाच्या तरी संदर्भसूचीत त्याचे नाव आले, तेवढ्यावर ही नोंद झाली. जुनी मराठी पुस्तके अशीच दिसतात आणि ती खरी असतात. पण याच दाराने भुतेही आत येतात. एका मोठ्या प्रकाशकाने लेखकांना संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी 'व्हॅन डर गीर, २०००' असा एक काल्पनिक नमुना दिला होता. तो नमुना पुसायचा राहून गेला आणि अस्तित्वातच नसलेल्या त्या निबंधाचा हवाला शेकडो ठिकाणी छापला गेला. २०१० मध्ये फ्रान्सच्या सिरील लाबे यांनी यंत्राने लिहिलेले शंभर निरर्थक निबंध जालावर ठेवून 'आइक अँटकेअर' नावाचा खोटा शास्त्रज्ञ उभा केला आणि स्कॉलरच्या आकड्यांत त्याचा एच-निर्देशांक (हवाल्यांवरून ठरणारा संशोधकाचा आकडा) ९४ पर्यंत नेऊन दाखवला.

आता चॅटबॉटने त्यात भर घातली आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चॅटबॉटने लिहिल्याच्या उघड खुणा असलेले १३९ निबंध स्कॉलरवर सापडले. 'माझ्या शेवटच्या माहितीनुसार' अशा छापाची चॅटबॉटची वाक्ये त्यांत जशीच्या तशी राहिली होती. चॅटबॉटने दिलेला संदर्भ तर आणखी फसवा असतो: लेखक खरा, जर्नल खरे, खंड आणि पानेही शोभतील अशी, फक्त निबंध कुणीच लिहिलेला नसतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. डीओआय म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, तो १०. ने सुरू होतो. तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. क्रमांक सापडला नाही, किंवा सापडला पण भलताच निबंध उघडला, तर तो संदर्भ तिथेच सोडा. डीओआय नसेल तर जर्नलच्या पानावर तो खंड आणि अंक उघडून अनुक्रमणिका बघा. निबंध खरा असेल तर तपासायला कमाल पाच मिनिटे लागतात.

जर्नलची पारख

स्कॉलरला जर्नल चांगले की वाईट हे कळत नाही, आणि आपल्याकडे या प्रश्नाने बरेच नुकसान केले आहे. २०१३ मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक औषधाचा निबंध ३०४ खुल्या (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांना पाठवला आणि १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची तपासणी पुण्यातल्या संशोधकांनी केली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून त्या यादीत शिरलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक जर्नले निकृष्ट असू शकतात, असे त्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडले. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ जर्नले यादीतून काढली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालवली जाणारी 'केअर' यादी २०१९ मध्ये आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. आता जर्नल तपासण्याची जबाबदारी संशोधकावर आणि त्याच्या संस्थेवर आहे. आजही "यूजीसी केअर मान्यताप्राप्त" अशी जाहिरात करून पैसे मागणारे जर्नल दिसले तर पुढे वाचायचीही गरज नाही.

तपासणी आयएसएसएनपासून, म्हणजे नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकापासून, सुरू करा. हा आठ आकडी क्रमांक असतो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा क्रमांक ००१२-९९७६ आहे. पहिल्या सात आकड्यांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणले की ०, ०, ६, १०, ३६, २७, १४ मिळतात. बेरीज ९३. तिला ११ ने भागले की बाकी ५ उरते, ११ मधून ५ वजा केले की ६. शेवटचा आकडा ६ आहे, म्हणजे क्रमांक जुळला. वजाबाकी १० आली तर शेवटी एक्स हे अक्षर असते. गणित जुळले नाही तर क्रमांक बनावट किंवा चुकीचा टंकलेला आहे. जुळले तरी काम संपत नाही, कारण आयएसएसएन ही फक्त नोंदणी आहे, दर्जाचा दाखला नव्हे. शिवाय खऱ्या जर्नलचे नाव आणि क्रमांक चोरून हुबेहूब बनावट संकेतस्थळ काढणारेही आहेत. म्हणून आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर क्रमांक टाकून प्रकाशक कोण, कोणत्या देशाचा, हे पाहावे आणि जर्नलच्या पानाशी ताडून घ्यावे.

मग मागचे दोन अंक उघडा. एकाच अंकात कुक्कुटपालन, पाणिनी आणि नॅनोतंत्रज्ञान शेजारी शेजारी असतील, तर परीक्षण करणारे इतक्या विषयांचे तज्ज्ञ आले कुठून हा प्रश्न स्वतःला विचारा. 'स्वीकृतीची तारीख' आणि 'मिळाल्याची तारीख' यांत दोन-तीन दिवसांचे अंतर म्हणजे परीक्षण झालेलेच नाही. संपादक मंडळातली दोन नावे निवडून त्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते बघा. नाव न विचारता लावल्याची उदाहरणे आहेत. 'इम्पॅक्ट फॅक्टर' हा जर्नलचा निर्देशांक क्लॅरिव्हेट ही कंपनी देते. तशाच नावाचे दुसरे कुठलेही निर्देशांक छापलेले दिसले तर तो धोक्याचा इशारा समजा. खुल्या जर्नलांसाठी डीओएजेची सूची चांगली आहे. बोहॅनन प्रकरणानंतर त्यांनी आधीच्या सगळ्या जर्नलांना नव्याने अर्ज करायला लावले. मराठीतली चांगली नियतकालिके मात्र यांपैकी कुठल्याच सूचीत नसतात. तिथे लेखकाने आधार कशाचा दिला आहे, तो आधार तपासता येतो का, एवढेच बघायचे. सूचीत नाही म्हणून मराठी लेखन बाजूला टाकणे हा शुद्ध अन्याय आहे.

स्कॉलर जिथे थांबतो

मराठी प्रबंधांसाठी थेट शोधगंगेवर जावे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या या भांडारात ५ लाखांहून अधिक प्रबंध आहेत. प्रबंध एका फाइलीत नसतो. शीर्षक, प्रमाणपत्र, प्रकरणे आणि संदर्भसूची यांच्या सुट्या पीडीएफ असतात. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा, कारण जिल्हा पातळीवरचे अहवाल, स्थानिक वृत्तपत्रे आणि मुलाखती यांची नावे तिथेच मिळतात. शीर्षक देवनागरीत नोंदवलेले असेल असे नाही, म्हणून देवनागरी आणि रोमन दोन्हींत शोधा. जुने मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण कॉपी केले की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. त्यामुळे आतला मजकूर शोधाने सापडत नाही, पाने उलटून वाचावाच लागतो.

आणि योजना सुरू झाल्याचे ते साल? इथे कुठलाही निबंध अंतिम शब्द नाही, कायद्याचा मजकूरच उघडावा लागतो. विसापूरचा प्रयोग १९६५ चा, राज्यभरची योजना १९७२ च्या दुष्काळातली. कायद्याच्या नावात १९७७ आहे, पण तो '१९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २०' आहे आणि अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. वेगवेगळी साले देणारे निबंध अनेकदा चुकत नसतात, वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. नंतरच्या काळातल्या बदलांसाठी महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरचे शासन निर्णय वाचावेत. तिथल्या लांबलचक संगणक संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस असतो. निर्णयावरच्या तारखेशी ते ताडून घेता येतात.

राहिला प्रश्न पैसे मागणाऱ्या निबंधांचा. निकालाच्या उजव्या बाजूला पीडीएफची खूण नसेल तर 'ऑल व्हर्जन्स' चाळा. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नले सरकारी संस्थांना खुली झाली आहेत, तेव्हा शासकीय विद्यापीठात असाल तर ग्रंथपालांना लॉगिन विचारा. विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांतल्यांना ती सोय नाही. त्यांनी लेखकाला दोन ओळींची ईमेल करावी. बहुतेक लेखक प्रत आनंदाने पाठवतात.

निकालाखालच्या 'साइट' (संदर्भ द्या) बटणावरून तयार संदर्भ उचलणे सोयीचे आहे, पण तो जसाच्या तसा चिकटवू नका. अंक क्रमांक गाळलेला, शीर्षक सगळे मोठ्या अक्षरांत, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी, असे दोष मराठी नावांत विशेष दिसतात. तिथून उतरवलेल्या बिबटेक्स (संदर्भाच्या नोंदीच्या) फाइलीत डीओआय येत नाही, तो हाताने भरावा लागतो. भराभर पन्नास संदर्भ उतरवायला गेलात तर स्कॉलर तुम्हाला यंत्र समजून चित्रकोडी घालतो आणि काही वेळ अडवून धरतो. शोधाचे सगळे निकाल एकदम उतरवून घेण्याची सोयही नाही. काम सुरू करताना डावीकडच्या लिफाफ्यावरून इशारा लावून ठेवा. तो शब्दांवर लावण्यापेक्षा तुमच्या विषयातल्या दोन-तीन मुख्य निबंधांच्या 'साइटेड बाय' पानावर लावा. शब्दांवरचे इशारे पेटी भरून टाकतात, हवाल्यांवरचे महिन्याला चार-दोनच येतात, पण त्यातला जवळपास प्रत्येक उघडून बघावासा असतो.